मच्छीमार बदलत नाही म्हणे!

पापलेटचा भाव चढला की एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘पारंपरिक मच्छीमार बदलायला तयार नाही, म्हणून मागे पडला.’ चर्चेतले तज्ज्ञ हे म्हणतात, बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परतणारे काकाही म्हणतात. ऐकून ऐकून कान किटले.

वसई, उत्तन, वर्सोवा या पट्ट्यातली डोल घ्या. प्रवाहात तोंड उघडं ठेवून बांधलेलं हे पिशवीसारखं जाळं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली यात येतात. भरती-ओहोटीचा ओढा जाळं भरतो, म्हणून उधाणाला धंदा जोरात आणि भांगाला मंद. पद्धत जुनी आहेच. पण ताग-सुताच्या जाळ्याच्या जागी नायलॉन आलं, शिडाच्या जागी डिझेल इंजिन आलं. बोंबलात पाणी फार, तो लगेच खराब होतो, म्हणून पूर्वी बराचसा माल उन्हात सुकायचा. बर्फ मिळू लागला तसा तो ताजा विकला जाऊ लागला. किनाऱ्याजवळ मासळी आटली तेव्हा जाळी खोल पाण्यात गेली. एवढ्या बदलांनंतरही हा माणूस ‘जुनाट’च!

बदलाची दुसरी बाजू मात्र गोड नाही. डोल लावायच्या ठरलेल्या जागांना ‘कव’ म्हणतात. वसई-उत्तनच्या कवी खोल आणि उत्तरेकडे सरकल्या, तेव्हा त्या सातपाटीकडच्या दालदी जाळ्यांच्या वाटेत आल्या. वाहत्या पाण्यात सोडलेलं जाळं आणि जागी रोवलेलं जाळं एकाच पाण्यात नांदत नाहीत. हा वाद कित्येक वर्षं चालू आहे. दोन्ही बाजूंना छोटे मच्छीमार, दोघंही आपापल्या परीने तगायला बघताहेत. एकाने जुळवून घेतलं त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. व्यवस्थापनाचं खरं काम इथे आहे: कुणी, कुठे, केव्हा जाळं टाकायचं याचा निवाडा करणं. ‘पारंपरिकांना संरक्षण’ असं एका ओळीत लिहून तो होत नाही, कारण त्यातले कोणते पारंपरिक हे सांगावंच लागतं.

आणखी एक गोष्ट यातून निघते, आणि ती धोरण आखणाऱ्यांच्या पचनी पडत नाही. मासे घटले तरी काही काळ बंदरावरचा माल घटत नाही. नाव लांब जाते, जाळं लांबतं, जास्त वेळ समुद्रात राहतं. टन तेवढेच, डिझेल मात्र जास्त. आजारी माणसाने औषध घेऊन ताप दाबावा तसं हे. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था नमुना पाहणीत मासेमारीला लागलेला वेळही नोंदवते, पण बातमीत छापतात ते टन. मच्छीमाराने जुळवून घेतलं की समुद्राची घसरण आकड्यात उशिरा उतरते. ‘ते घेतात जुळवून, मग नियमांची घाई कशाला?’ असं विचारणारा इथे फसतो.

आकडा उलट्या बाजूनेही फसवतो. 2019 मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी 2.01 लाख टनांवर आली, 45 वर्षांतली नीचांकी. लगेच समुद्र संपल्याची हाकाटी झाली. पण त्याच हंगामात क्यार आणि महा ही चक्रीवादळं आली होती आणि नावा कित्येक दिवस बंदरातच होत्या. आकडा पडण्यात मासळीची घट किती आणि वादळाने बुडवलेले दिवस किती, हे टनांवरून कळत नाही.

‘नियम सरकारचे, मोडणारे मच्छीमार’ हाही एक लाडका समज. गोव्यात 1970 च्या दशकात रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, ट्रॉलरांविरुद्ध उभे राहिले. यंत्राला विरोध म्हणून त्यांना हिणवलं गेलं. त्यांची मागणी साधी होती: किनाऱ्यालगतचं पाणी छोट्यांसाठी राखून ठेवा. त्या रेट्यातून 1980 चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. महाराष्ट्राचा आला 1981 मध्ये. म्हणजे नियम मागणारे रापणकारच होते.

बाकीचे समज थोडक्यात. छोटी नाव म्हणजे छोटा वाटा? अन्न व कृषी संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगातल्या एकूण पकडीपैकी सुमारे 40 टक्के लघु मासेमारीतून येते. मासेमारी पुरुषांची? त्याच अहवालात या क्षेत्रात राबणाऱ्या दहांपैकी चार बाया आहेत. निवडणं, सुकवणं, विकणं हे काम नावेच्या परवान्यात कुठेच दिसत नाही. लहान जाळं म्हणजे आपोआप समुद्राचा मित्र? डोलीच्या शेपटाची आस बारीक असते, तिच्यात पिल्लंही अडकतात. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींना पकडीचं किमान आकारमान ठरवलं, ते छोट्या-मोठ्या सगळ्यांना लागू आहे. आणि पावसाळी बंदीत, 1 जून ते 31 जुलै, समुद्र पूर्ण बंद असतो? नाही. बंदी यांत्रिक नावांना आहे. वल्ह्या-शिडाच्या होड्यांना मुभा आहे, आणि खाडीच्या तोंडाशी वारा-पाऊस बघून त्या जातातही.