‘अंग तापणे’ आणि ‘अंग मोकळे होणे’ : भार उचलण्यापूर्वीच्या सिद्धतेविषयी

बारामतीतील एका व्यायामशाळेच्या भिंतीवर लावावयाच्या सूचनाफलकाचा मजकूर मराठीत लिहून द्यावा, अशी विनंती शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रातील एका स्नेह्यांनी मला केली, त्यास आता दोन वर्षे होतील. मजकूर अवघा पाच ओळींचा होता. पहिल्या ओळीतील ‘वॉर्म-अप’ या शब्दास मी बसल्या बैठकीला ‘अंग गरम करणे’ असा प्रतिशब्द देऊन मोकळा झालो. फलक लागला. पुढे डिसेंबरातील एका पहाटे मी स्वतःच त्या फलकाखाली उभा होतो. कढत पाण्याने स्नान झाले होते, अंगात लोकरी बनियन होते, दोन कप चहा पोटात होता. अंग गरम होते याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. जमिनीवरील साठ किलोंचा बारबेल उचलावयास वाकलो आणि कमरेत उसण भरली. तीन आठवडे मला उभ्याने व्याख्यान देता आले नाही.

त्यानंतर तालमीतील शब्द गोळा करण्याच्या निमित्ताने इंदापूर तालुक्यातील एका वृद्ध वस्तादांकडे गेलो असता ही हकीगत ओघाने निघाली. ती ऐकून त्यांनी विचारले, “सर, अंग गरम होतं म्हणता; पण घाम कशाचा होता, पाण्याचा की मेहनतीचा?” प्रस्तुत लेखाचे मूळ या प्रश्नात आहे. भाषेच्या अभ्यासकाने शरीरशास्त्रात का शिरावे, असे कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेच, की येथे चूक शब्दाची होती आणि तिची किंमत कमरेने दिली.

प्रथम शब्दच पाहू. ‘अंग गरम आहे’ किंवा ‘अंग तापले आहे’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ज्वर असतो. ‘गरम करणे’ आणि ‘तापवणे’ ही प्रयोजक क्रियापदे. पाणी, दूध, तवा यांस बाहेरून उष्णता देणारा कोणी निराळा कर्ता ती गृहीत धरतात. ‘तापणे’ हे अकर्मक क्रियापद मात्र निराळ्या प्रकृतीचे आहे. गवयाचा गळा तापतो तो शेकल्याने नव्हे, गाण्याने. हा भेद वैयाकरणाच्या हौसेपुरता नाही. स्नायू काम करतो तेव्हा खर्च होणाऱ्या शक्तीपैकी जेमतेम चतुर्थांश हालचालीच्या रूपाने प्रकट होते व उरलेली उष्णतेच्या रूपाने तेथल्या तेथे मुक्त होते. म्हणजे काम करणारा स्नायू आपल्या कामानेच तापतो. मी फलकावर प्रयोजक क्रियापद घातले आणि वाचणाऱ्याला, म्हणजे पर्यायाने स्वतःलाच, चुलीकडे पाठविले.

ही उष्णता करते तरी काय? विश्रांतीच्या स्थितीत हातापायांचे स्नायू शरीराच्या गाभ्यापेक्षा थोडे थंड असतात. मध्यम गतीची हालचाल सुरू केल्यावर पहिल्या तीन ते पाच मिनिटांत त्यांचे तापमान झपाट्याने चढते आणि दहा ते वीस मिनिटांनी ते जवळजवळ स्थिरावते. तापलेला स्नायू अधिक वेगाने आकुंचन पावतो, मज्जातंतूंतून संदेश अधिक जलद जातो, रक्तातील प्राणवायू पेशींना अधिक सहज मिळतो, आणि स्नायू व सांधे यांचा ताठपणा काहीसा उतरतो. आस्मुसेन आणि बोये या डॅनिश संशोधकांनी शरीराचे तापमान व कार्यक्षमता यांचा संबंध १९४५ मध्येच दाखवून दिला होता. पुढे १९८७ मध्ये सार्जंट यांनी पाय निरनिराळ्या तापमानांच्या पाण्यात बुडवून नंतर सायकलीच्या यंत्रावर जोर मोजला, तेव्हा स्नायूचे तापमान एका अंशाने वाढले असता मंद गतीच्या कामात सुमारे चार टक्के व जलद गतीच्या कामात त्याहून बरीच अधिक शक्ती मिळते असे आढळले.

येथे चाणाक्ष वाचक मला अडवील: पाण्यात बुडवूनही शक्ती वाढते, तर मग कढत स्नानात वावगे काय? आक्षेप योग्य आहे. बाहेरून दिलेली उष्णता स्नायूपर्यंत पोचली तर ती व्यर्थ जात नाही. परंतु सार्जंट यांच्या प्रयोगात पाय पाऊण तास पाण्यात होते. माझे स्नान पाच मिनिटांचे होते व त्याने कातडी तेवढी तापली. दुसरे असे, की भार उचलणे ही केवळ शक्तीची बाब नाही. कमरेचा कणा न वाकवता नितंबांतून वाकणे, श्वास रोखून पोट आवळणे, टाचांवर भार घेणे या क्रिया एका क्षणात जुळून याव्या लागतात. आणि ही जुळणी बंबातील पाण्याने होत नाही, तीच हालचाल हलक्या भाराने आधी करून पाहिल्याने होते.

‘अंग गरम करणे’ सोडून ‘अंग मोकळे करणे’ हा शब्द घ्यावा काय? तो खास आपला आहे. ‘मोकळा’ हा प्राकृत ‘मुक्कल’ द्वारा ‘मुक्त’शी जोडलेला, आखडलेले, धरलेले अंग सोडविणे हा त्याचा अर्थ. गंमत अशी, की ‘व्यायाम’ या संस्कृत शब्दाच्या पोटातही ‘यम्’ धातू असून ताणणे, विस्तारणे हाच भाव आहे. परंतु ‘मोकळे करणे’ म्हटले की आमचे विद्यार्थी भिंतीला पाय लावून मिनिट-मिनिट ताण देत उभे राहतात. एकाच स्नायूस साठ सेकंदांहून अधिक काळ स्थिर ताण दिला असता लगेच नंतरचा जोर काहीसा घटतो, हे के आणि ब्लेझविच यांच्या २०१२ मधील समीक्षेत स्पष्ट झाले आहे. अल्पकाळच्या ताणाने मात्र फारसे बिघडत नाही. दुखापत टाळण्याच्या दृष्टीने पाहिले तर केवळ ताण देण्याचा उपयोग दिसून येत नाही, असे २०१४ मध्ये लाउरसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दाखविले. त्याच विश्लेषणात बलवर्धक व्यायामाने क्रीडांतील दुखापती एक-तृतीयांशाहून कमी उरतात असेही आढळले. भार उचलणे ही भीतीची गोष्ट मानणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे.

दुखापतीविषयीच्या आपल्या शब्दप्रयोगांकडेही येथे जाता जाता लक्ष वेधतो. उसण भरते, लचक भरते, चमक भरते. या सर्वांत कर्ता दुखापत. आपण केवळ ‘मला’ या चतुर्थीत बसलेले. जणू वाटेने जाणारी उसण आमच्या कमरेत बिऱ्हाड करावयास आली! या रचनेत ‘मी काय केले’ हा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि उलट बाजूने अतिशयोक्तीही करू नये. मी हलक्या भाराने सुरुवात केली असती तर उसण खात्रीने टळली असती, असे एका उदाहरणावरून म्हणता येत नाही. फ्रॅडकिन प्रभृतींनी २००६ मध्ये उपलब्ध प्रयोग तपासले तेव्हा पुराव्याचे पारडे पूर्वसिद्धतेच्या बाजूस झुकते, परंतु तो निर्णायक नाही, असाच निष्कर्ष त्यांना काढावा लागला. नॉर्वेतील किशोरवयीन मुलींच्या फुटबॉलवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र धावणे, तोल आणि बल यांचा सुमारे वीस मिनिटांचा क्रम पाळणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळल्या. तेथेही केवळ तापणे नव्हते, हालचालीचे शिक्षण होते, हे विसरू नये.

आता तालमीकडे वळू. तेथील शब्दभांडार बहुतांशी फार्सी-अरबी. तालीम म्हणजे शिक्षण. वस्ताद, पहिलवान, कुस्ती, जोर हे सारे फार्सीतून आलेले. ‘कसरत’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ विपुलता, पुनःपुन्हा होणे. आणि ‘मेहनत’चा मूळ अर्थ कसोटी, कष्ट. तापण्यासाठी किंवा मोकळे होण्यासाठी निराळी संज्ञा या भांडारात मला सापडली नाही. प्रथम मी ती उणीव समजलो. वस्तादांच्या सांगण्यावरून उलगडा झाला तो असा, की ती गोष्ट निराळी नव्हतीच, म्हणून तिला नाव नव्हते. पहिलवान आला की मारुतीला नमस्कार करून फावडे हाती घेई व हौदा उकरी. तेल, ताक, हळद घालून जोपासलेली लाल माती खालवर करणे हे काम पाठ, खांदे, मांड्या आणि पकड या सर्वांना जुंपणारे आहे. पंधरा मिनिटे माती उकरल्यावर ज्याला घाम फुटला नाही असा पहिलवान विरळा. मग जोर-बैठका, आणि मग लढत; आणि लढतीतही आरंभी खडाखडी. ज्या दिवशी मातीच्या जागी गादी आली त्या दिवशी फावडे गेले, आणि फावड्याबरोबर नकळत होणारी सिद्धताही गेली. आधुनिक व्यायामशाळेत बारबेल आयता मांडलेला असतो. म्हणून ‘वॉर्म-अप’ हा शब्द लागतो. (गादी नको असे माझे म्हणणे नाही.)

जुन्या ग्रंथांतही भार एकटा येत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांसाठी भारश्रम सांगितला आहे, पण त्याच्या सोबतीस भ्रमणश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम हेही आहेत. आयुर्वेदात व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असा दंडक असून, कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे व तोंडास कोरड पडणे ही अर्धी शक्ती खर्च झाल्याची लक्षणे सांगितली आहेत. वाग्भटाने त्यात ऋतूची भर घातली: अर्ध्या शक्तीची मुभा बलवानाला, तीही थंडीत व वसंतात, एरवी त्याहूनही कमी. वस्तादांच्या ‘घाम कशाचा’ या प्रश्नाची वंशावळ अशी फार मागे जाते. व्यायामविषयक मराठी परिभाषेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम-ज्ञानकोश’ अवश्य चाळावा. त्याचा पहिला खंड १९३६ चा आहे. आमच्या विभागात मात्र तो अजून कोणी उघडलेला दिसत नाही.

व्यायामशाळेतील भाराचा एक मोठा गुण असा, की तो कमी-अधिक करता येतो. साठ किलो उचलावयाचे असल्यास पाच-सात मिनिटे भरभर चालून किंवा दोरीवर उड्या मारून श्वास थोडा वाढवावा. खांदे, नितंब व घोटे यांच्या हालचाली पूर्ण आवाक्यात, पण झटके न देता कराव्यात. नंतर वीस किलोंचा नुसता दांडा आठ-दहा वेळा, पस्तीस किलो पाच वेळा, पन्नास किलो दोन-तीन वेळा, आणि मग साठ. भार चढतो तसतशा आवृत्त्या उतरतात, यातील मर्म असे की सिद्धता व्हावी पण थकवा साचू नये. ही आकडेवारी नमुन्यादाखल आहे. शंभर किलो उचलणाऱ्यास पायऱ्या अधिक लागतील, दहा किलो उचलणाऱ्यास एखादीच. थंडीच्या पहाटे वेळ वाढवावा व वरचे वस्त्र शेवटी काढावे. वैशाखात उलट मोह होतो: हवाच तापलेली, तेव्हा सरळ भाराला हात घालावा. कातडी तापली तरी हालचालीची जुळणी व्हावयाची राहिलेलीच असते. म्हणून चालणे कमी करावे, हलक्या भाराच्या पायऱ्या गाळू नयेत. आखडलेपण हालचालीने ओसरते. हालचालीने वाढणारी कळ, पायात उतरणारी बधिरता, किंवा छातीत दाटणे हे आखडलेपण नव्हे, आणि तेथे वस्तादाचे काम संपून डॉक्टरांचे सुरू होते.

परंतु सर्वच भार असे पायऱ्यापायऱ्यांनी येत नाहीत. शेजारच्या पुरंदर तालुक्यात जेजुरीस दसऱ्याच्या उत्सवात खंडोबाचा सुमारे ४२ किलोंचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची स्पर्धा होते. खंड्याचे वजन कमी करता येत नाही, आणि हात लांबविला की खांद्यावरचा ताण वजनाच्या मानाने कितीतरी पटींनी वाढतो. अशा वेळी सिद्धता दुसऱ्या वस्तूवर करणे एवढाच मार्ग उरतो: आधी हलका मुद्गल, मग खंडा दोन्ही हातांनी, मग एका हाताने पण शरीराजवळ.

याहून गंभीर गोष्ट उसाच्या फडातील. बारामती-इंदापूर भागातील साखर कारखान्यांचा हंगाम साधारणतः थंडीच्या महिन्यांतच असतो. बीड-नगरकडून येणाऱ्या तोडकरी जोडप्याला या व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांना एका हत्याराचे नाव, यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल. कोयता पहाटे तोडीस लागतो तेव्हा तोड हीच त्याची मेहनत होते, अंग आपोआप तापते. धोका पुढे आहे. मोळ्या बांधून झाल्या, ट्रक यावयाचा आहे, तो दोन तासांनी येतो किंवा रात्री येतो. तोवर माणसे पाचटाच्या शेकोटीशी बसलेली असतात. काम थांबल्यावर पाव-अर्ध्या तासात स्नायूंनी मिळविलेली उष्णता बरीचशी निघून जाते. मग आकडण धरलेल्या अंगाने डोक्यावर मोळी आणि अरुंद फळीवरून चढण. शेकोटीने हात गरम होतात. पाठीला त्याचा पत्ता नसतो. भरणी सुरू करताना पहिल्या काही फेऱ्या निम्म्या मोळीच्या केल्या, तर त्यात वेळ किती जाईल याचा हिशेब मुकादमांनी व कारखान्यांच्या शेतकी खात्यांनी एकदा करून पाहावा. मोळीचे वजन चढविता येत नाही असे म्हणणे खरे नाही. ती बांधणाऱ्याच्या हातात असते.

फलकाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. ‘अंग गरम करणे’ मी पुसविले. ‘मोकळे करणे’ अपुरे पडत होते. अखेर तालमीतला शब्द घेऊन ‘पूर्वमेहनत’ असा समास केला. संस्कृत पूर्वपद आणि अरबी उत्तरपद यांचा हा संकर एका सहकाऱ्यांना रुचला नाही. मराठीत असे संकर वाटेल तितके आहेत, हे मी त्यांस सोदाहरण दाखविले, पण त्यांचे समाधान झाले नाही. त्याखाली ओळ लिहिली: ‘जो भार उचलावयाचा, त्याच हालचाली आधी रिकाम्या हाताने, मग हलक्या भाराने कराव्यात.’ महिनाभराने पाहिले तर ‘पूर्वमेहनत’च्या शेजारी कोणीतरी खडूने ‘म्हणजे वॉर्म-अप’ असे लिहिले होते. खालच्या ओळीप्रमाणे दोन मुले रिकामा दांडा घेऊन बैठका काढीत होती, म्हणून मी खडू पुसला नाही.