पॉलिशकामाचा हातदिवा : कमी खर्चात, घरच्या घरी

गाडी पॉलिश करण्याचे काम, ज्याला आता सर्रास ‘डिटेलिंग’ म्हणतात, हा थोड्या भांडवलात उभा राहणारा धंदा आहे. बफिंग मशीन, पॅड, कंपाउंड आणि मऊ फडकी एवढ्यावर सुरुवात होते. गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग शिकलेली बरीच मुले आज या कामाकडे वळत आहेत. मात्र उजेडाकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. ट्यूबलाइटखाली आरशासारखी दिसणारी काळी गाडी गिऱ्हाईक उन्हात नेतो आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उमटलेले दिसतात. मग पैसे अडतात, काम फिरून करावे लागते आणि दुकानाचे नाव जाते ते वेगळेच.

फरक कशाने पडतो?

ट्यूबचा उजेड लांबलचक नळीतून, चहूबाजूंनी पसरून येतो. त्यात ओरखड्याची चमक बुजून जाते. सूर्य मात्र आपल्याला एका ठिपक्याएवढा दिसतो. त्याचा उजेड एकाच दिशेने येतो आणि प्रत्येक ओरखड्याची कड चमकवतो. म्हणून पॉलिशवाल्याला हवा तो लहान ठिपक्यातून येणारा उजेड. नुसते वॉट वाढवून काम भागत नाही.

दुसरी बाब रंगाची. कापडाच्या दुकानात साडी पसंत पडली तरी गिऱ्हाईक ती दारात नेऊन पाहते. दुकानातल्या दिव्यात जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. टचअप केलेल्या पत्र्याचेही तसेच आहे. दिव्यात रंग किती खरे दिसतात, याचे माप ‘सीआरआय’ या आकड्यात सांगतात. उन्हाचा आकडा 100 धरतात. स्वस्त एलईडी 70-80 वर असतात. आपल्याला 90 च्या वरचा आणि 5000 ते 6500 केल्विन रंगाचा एलईडी मागून घ्यावा.

जोखीम कुठे आहे?

अनेक ठिकाणी 230 व्होल्टचा हॅलोजन किंवा वायरला लटकवलेला बल्ब गाडीभोवती फिरवतात. खाली धुण्याचे पाणी, हात ओले, वायर ठिकठिकाणी सोललेली. अशा वेळी एक झटका जिवावर बेतू शकतो. टाकी, खड्डा अशा कोंदट जागी पुरेशा संरक्षणाशिवाय 24 व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेऊ नये, असे 1948 च्या कारखाने अधिनियमात लिहिले होते. हीच समज धरून आपला दिवा 12 व्होल्टच्या बॅटरीवर करावा.

सामान

1. दहा वॉटची एलईडी चिप (9 ते 11 व्होल्टवर चालणारी), सीआरआय 90 च्या वर.
2. पंख्यांचा अॅल्युमिनियम हीटसिंक, तळहाताएवढा, आणि उष्णता वाहणारी पेस्ट.
3. करंट बांधून देणारे डीसी मॉड्यूल (सीसी-सीव्ही).
4. यूपीएसमध्ये असते ती 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बंद बॅटरी आणि तिचा योग्य चार्जर.
5. 2 अँपिअरचा फ्यूज, स्विच, दोन मीटर दुपदरी लवचिक वायर, पीव्हीसी पाइपचा तुकडा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सर्व मिळते. इतर शहरांत इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात विचारावे. साधारण दीड-दोन हजारांत काम होते. त्यात मोठा वाटा बॅटरीचा असतो.

जोडणी

चिप पेस्ट लावून हीटसिंकवर स्क्रूने घट्ट बसवावी. चिप थेट बॅटरीला कधीही जोडू नये. ती तापली की जास्त करंट ओढते, त्याने आणखी तापते आणि जळते. मॉड्यूल आधी मल्टिमीटर लावून 700 मिलिअँपिअरवर बांधून घ्यावे, मग चिप जोडावी. फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकाजवळच हवा. हीटसिंक पाइपच्या मुठीवर बसवावा आणि त्याच्या कडांना रबर गुंडाळावे, नाहीतर ओरखडे शोधणारा दिवाच ओरखडे पाडील. चिपपुढे दुधी काच लावू नये. तिने ठिपका मोडतो आणि उजेड पुन्हा ट्यूबसारखा पसरतो.

बॅटरी, मॉड्यूल, फ्यूज आणि स्विच झाकणाच्या डब्यात ठेवून डबा जमिनीवर असावा. हातात फक्त हलका दिवा राहतो. अर्ध्या तासाने हीटसिंकला बोट लावून पाहावे. पाच सेकंदही बोट टिकत नसेल, तर मोठा हीटसिंक घ्यावा.

या हिशेबाने बॅटरी निम्मी उतरेपर्यंत चार-पाच तास उजेड मिळतो. त्याहून जास्त उतरवल्यास तिचे आयुष्य घटते. रोज रात्री चार्ज करावी, पण पाण्यापासून दूर आणि हवेशीर जागी, कारण चार्जर 230 व्होल्टचाच असतो. जुन्या लॅपटॉपमधले सुटे लिथियम सेल स्वस्त मिळतात. संरक्षक सर्किटशिवाय ते वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण. आणि हा दिवा स्प्रे मारण्याच्या खोलीत किंवा थिनरच्या वाफेत नेऊ नये. स्विचची एक ठिणगी तिथे पुरेशी होते.

पाहण्याची रीत

आजूबाजूच्या ट्यूब बंद कराव्यात. दिवा पत्र्यापासून दीड-दोन फुटांवर तिरपा धरावा. पत्र्यात उमटलेल्या ठिपक्याभोवती नजर ठेवून दिवा हळूहळू सरकवावा. पॉलिशमधील तेल ओरखडे तात्पुरते झाकते, म्हणून आधी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पत्रा पुसावा. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर ओरखडे कमी दिसतात, तिथे दुप्पट वेळ द्यावा.

गाडीवरचा पारदर्शक थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा भाग खरवडून नेते आणि गेलेला थर पॉलिशने परत येत नाही. म्हणून एक हात मारून थांबावे, पुसावे, दिव्याखाली पाहावे, मगच दुसरा हात मारावा. काम घेतानाही याच दिव्याखाली गिऱ्हाइकाला आधीचे खोल ओरखडे दाखवून ते कागदावर लिहून घ्यावेत. गाडी परत देताना त्याच उजेडात ती त्याच्या स्वाधीन करावी.