वडील आतल्या खोलीत

मागच्या लेखांकातल्या ‘सनशाइन क्लीनिंग’मध्ये मृत्यू येऊन गेला होता, दोघी बहिणींच्या वाट्याला उरली होती साफसफाई. या आठवड्याच्या चित्रपटात मृत्यू अजून यायचाय. अझाझेल जेकब्जचा ‘हिज थ्री डॉटर्स’ २०२३ साली टोरांटो महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. पुढे तो नेटफ्लिक्सने घेतला.

न्यूयॉर्कमधला एक फ्लॅट. आत व्हिन्सेंट शेवटच्या घटका मोजतोय, बाहेर तीन मुली. थोरली केटी (कॅरी कून) त्याच शहरात राहते, तरी फारशी फिरकलेली नाही. क्रिस्टिना (एलिझाबेथ ओल्सन) लांबून, लहान मुलीला घरी ठेवून आलेली. आणि रेचल (नताशा लिओन), वडिलांसोबत याच घरात राहणारी, गांजा ओढणारी, सामन्यांवर पैसे लावणारी. ती व्हिन्सेंटच्या दुसऱ्या बायकोची मुलगी आणि केटी हे विसरायला तयार नाही. जागा पुढे कुणाची, हा प्रश्न तर न बोलताही घरभर फिरत असतो.

सुरुवातीलाच केटी दम न घेता बोलत सुटते. हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करण्याची खटपट नको, असं लिहून देणाऱ्या डीएनआरच्या कागदावर वडील शुद्धीत असताना सही का घेतली नाही, हा तिचा रेचलवर ठपका. रेचल गप्प. हसू इथेच फुटतं, कारण बाप मरणाच्या दारात असताना ही बाई कागदपत्रांचा पाढा वाचतेय. तिला रडता येत नाही म्हणून ती हिशोब मागते, हे आपल्याला जरा उशिरा कळतं.

मग फ्रिज. त्यात सफरचंदांच्या पिशव्या, खायला दुसरं धड काही नाही. केटीच्या लेखी हा रेचलच्या बेफिकिरीचा पुरावाच. पुढे रेचलचा मित्र बेंजी दोघी बहिणींना तोंडावर सुनावतो: तुम्ही नव्हता तेव्हा म्हाताऱ्याजवळ हीच होती, आणि त्याला सफरचंदाशिवाय काही जात नव्हतं, तेही हीच कापून द्यायची. घरोघरी हेच होतं; जवळ राहून करणाऱ्याच्या नावावर फक्त चुका जमा होतात.

जेकब्जची खरी हुशारी मात्र कॅमेरा आत न नेण्यात आहे. जवळजवळ संपूर्ण चित्रपट व्हिन्सेंट दिसत नाही. ऐकू येतो यंत्राचा टकटकाट. त्यामुळे आपणही बहिणींसारखेच बाहेर ताटकळतो. शेवटाकडे तो (जे ओ. सँडर्स) दिसतो आणि भरभरून बोलतो. कसा, ते सांगत नाही. तो प्रसंग गाजला, पण मला जरा जास्तच बोलका वाटला. तिघींच्या आधीच्या अबोल्यात त्याहून अधिक आहे.

पुढच्या आठवड्यात हिरोकाझू कोरे-एडाचा ‘अवर लिटल सिस्टर’ (२०१५). तिथेही वडील गेलेले आहेत आणि तीन बहिणी सावत्र धाकटीला आपल्या घरी आणतात. जमल्यास तोवर दोन्ही पाहून ठेवा.