अस्वल, मोह आणि उजवा गोलार्ध

मेंदूच्या उजव्या गोलार्धाला भाषेच्या दरबारात कोणते आसन द्यावे, या प्रश्नाने गेली कित्येक वर्षे माझा पिच्छा पुरविला आहे. आणि त्याचे आकर्षण ओसरण्याऐवजी वाढतच गेल्यामुळे संपादकांनी पृष्ठांची उदार सवलत देताच दुसरा विषय मनात आला नाही. पूर्वेतिहास घाईनेच उरकतो. 1861 मध्ये पॅरिस येथे पॉल ब्रोका या शल्यवैद्याने, ‘टॅन’ याखेरीज जवळजवळ काहीच उच्चारू न शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत, त्याच्या मृत्यूनंतर, डाव्या ललाटभागाची विकृती दाखविली. 1874 मध्ये कार्ल वेर्निके याने आकलनाचे केंद्रही डावीकडेच, परंतु अधिक मागे, असल्याचे प्रतिपादिले. आणि दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतुसेतू शस्त्रक्रियेने छेदलेल्या रुग्णांवरील प्रयोगांतून, उजवा गोलार्धही शब्दार्थाच्या बाबतीत अगदीच अनभिज्ञ नसतो असे दाखवून देणारे रॉजर स्पेरी 1981 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

खरा रस येथून पुढे आहे. एखादा शब्द ऐकला वा वाचला की डावा गोलार्ध त्याच्या निकटच्या, नेमक्या अर्थांना त्वरित जागे करतो आणि इतरांना दूर सारतो. उजवा गोलार्ध मात्र मंदपणे, पण विस्तीर्ण प्रदेशात जागृती पसरवितो आणि दूरच्या, अप्रत्यक्ष, प्रसंगी विसंगतही वाटणाऱ्या अर्थांना काही काळ धरून ठेवतो. मार्क बीमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नव्वदीच्या दशकात मांडलेली ही कल्पना मला फार मोलाची वाटते, कारण कोडे, श्लेष, रूपक आणि एकनाथांचे भारूड यांची रुची ज्या समाजात इतकी खोल रुजली आहे, त्याला दूरान्वयाचे सामर्थ्य निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता ज्यांच्याविषयी हा लेख आहे त्या माणसांकडे येतो. छिन्नमनस्कतेचे मर्म विचारांच्या साहचर्याचे बंध शिथिल होण्यात आहे, असे ऑयगेन ब्लॉइलर याने 1911 मध्ये प्रतिपादिले. पुढे सांडोर राडो आणि 1962 मध्ये पॉल मील यांनी असे सुचविले की, या व्याधीची प्रकृती अंगी असूनही आयुष्यभर आजारी न पडणारी पुष्कळ माणसे आपल्यात वावरत असतात. योगायोगांत अर्थ दिसणे, परक्याच्या बोलण्यात स्वतःविषयीचा संकेत जाणवणे, संभाषणात अनपेक्षित वळणे घेणे हे त्यांचे स्वभावविशेष होत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ने 2004 मध्ये मराठी प्रेक्षकांना प्रत्यक्ष व्याधीचे दर्शन घडविले, परंतु व्याधीच्या अलीकडच्या काठावर सुखरूप राहिलेल्या, नोकरी-संसार नीट करणाऱ्या या माणसांविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही, याची मला खंत वाटते.

त्यांच्या मेंदूची परीक्षा ज्या युक्तीने केली गेली ती अतिशय रमणीय आहे. परीक्षार्थी पडद्याच्या मध्यबिंदूवर दृष्टी स्थिर ठेवतो आणि बिंदूच्या डाव्या किंवा उजव्या बाजूस एक शब्द सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळ झळकतो. डोळा तिकडे वळण्यापूर्वीच तो नाहीसा होत असल्यामुळे डावीकडचा शब्द प्रथम उजव्या गोलार्धाकडे आणि उजवीकडचा डाव्या गोलार्धाकडे पोचतो. परीक्षार्थ्याने, हा खरा शब्द की निरर्थक अक्षरसमूह, एवढेच कळ दाबून सांगावयाचे असते. आधी दाखविलेला शब्द संबंधित असेल तर उत्तर लवकर येते. संबंध थेट असेल, जसे वाघ आणि पट्टे, तर ते सर्वांचेच लवकर येते. पण सिंह आणि पट्टे यांमध्ये संबंध असतो तो केवळ अनुच्चारित वाघाच्या मध्यस्थीने. झूरिच येथील पीटर ब्रुगर, दिएगो पिझागाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, अतींद्रिय अनुभवांवर दृढ श्रद्धा असणाऱ्यांना (हाही त्याच स्वभावाचा एक विशेष मानतात) अविश्वासी मंडळींपेक्षा या अप्रत्यक्ष संबंधाचा अधिक लाभ होतो, आणि तोही शब्द डावीकडे, म्हणजे उजव्या गोलार्धासमोर, आला असता.

हे प्रथम वाचले तेव्हा माझे मन झूरिचहून थेट कुरखेड्यास येऊन पोहोचले. सती नदीकाठच्या या तालुक्याच्या गावी गोंडी, छत्तीसगढी आणि झाडीबोली एकाच बाजारात कानी पडतात. चांदा जिल्ह्याच्या जुन्या दप्तरातून 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली निराळी निघाली, तरी अरण्याने आपली हद्द कधी बदलली नाही. येथे ‘अस्वल’ आणि ‘दारू’ ही जोडी कोणापुढेही ठेवावी. पुण्याच्या वाचकाला ती निव्वळ विक्षिप्त वाटेल. परंतु उन्हाळ्याच्या प्रारंभी पहाटे मोहफुले वेचावयास जाणाऱ्या बाईला, त्याच फुलांच्या लोभाने अस्वल झाडाखाली येते हे ठाऊक असते, आणि त्याच फुलांची दारू गाळतात हेही. त्यात 1993 पासून जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे त्या शब्दाभोवती आणखी निराळे अर्थ गोळा झाले आहेत. शब्दांमधील अंतर मेंदू एकटा ठरवीत नाही. माणूस ज्या मुलखात वाढतो तो मुलूखही ते ठरवितो. झूरिचच्या शब्दयाद्या जशाच्या तशा येथे आणल्या, तर जवळचे दूर गणले जाईल आणि दूरचे जवळ; मग शिथिल साहचर्याचा दाखला कोणाच्याही नावे सहज फाडता येईल.

हाच आक्षेप अशी माणसे ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांवर मी अधिक तीव्रतेने घेईन. लोरेन चॅपमन आणि मार्क एक्ब्लाड यांची 1983 मधील तीस विधानांची मापिका गूढ कल्पनांकडे असलेला मनाचा कल मोजते. उचकी लागताच ‘कोण आठवण काढतंय?’ असे विचारणारी आपली आजी, मांजर आडवे गेले म्हणून क्षणभर थांबणारा कारकून आणि पीडा निवारण्यासाठी गावच्या पुजाऱ्याकडे जाणारा शेतकरी, यांना अशा मापिकेवर वरचे गुण मिळाले, तर त्यातून त्यांच्या गोलार्धांविषयी काहीच सिद्ध होत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतही, व्यक्तीच्या समाजाशी विसंगत असेल तीच श्रद्धा लक्षण मानावी, अशी दक्षता बाळगली आहे. शेजारी सर्वजण मानतात ते मानणे हा स्वभाव नव्हे, संस्कार होय. आणि म्हणूनच, काय मानता हे विचारण्यापेक्षा शब्दापासून शब्दाकडे कसे जाता हे पाहणारी परीक्षा मला अधिक न्याय्य वाटते.

लिपीचाही विचार करावयास हवा. वेलांटी, मात्रा, उकार यांनी आपली अक्षरे चारी दिशांना पसरतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात मागाहून. मानेसर येथील राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्रातील नंदिनी चॅटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी देवनागरीतील हिंदी वाचणाऱ्यांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा डाव्याबरोबर उजव्या गोलार्धाचे काही भागही कार्यरत आढळले. मराठी वाचकाचा उजवा गोलार्ध वाचनात मुळातच अधिक राबत असेल, तर युरोपीय परीक्षार्थ्यांत आढळलेला फरक येथे तसाच दिसावा अशी अपेक्षा धरण्याचे कारण नाही.

शिवाय युरोपातही सर्व निष्कर्ष एकमुखी नाहीत. छिन्नमनस्कता म्हणजे भाषेसाठी एका गोलार्धाचे प्रभुत्व प्रस्थापित न होणे, हा टिम क्रो यांचा 1997 मधील सिद्धान्त भव्य आहे, पण वादग्रस्तही. डावखुऱ्यांपैकी बहुसंख्यांचीही भाषा डावीकडेच असते, हे विसरून चालत नाही. मला क्रो यांच्या भव्यतेपेक्षा ब्रुगरांची शब्दजोडी अधिक विश्वासार्ह वाटते, कारण ती लहान आहे आणि पुन्हा पुन्हा तपासता येते.

तेव्हा ही परीक्षा येथे करावयाची तर पहिले काम यंत्रांचे नाही, शब्दांचे आहे. ‘मोह’ म्हटले की पहिला शब्द कोणता सुचतो, ‘तेंदू’ म्हटले की कोणता, हे कुरखेडा, कोरची, धानोरा येथील वडीलधाऱ्यांना, शाळकरी मुलांना आणि शहरांतून बदलून आलेल्या शिक्षकांना निरनिराळे विचारून साहचर्यांचा एक कोश सिद्ध केला पाहिजे. घरी गोंडी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलांकरिता तो दोन्ही भाषांत लागेल, कारण एकाच मुलाच्या मनात अस्वलापासून दारूपर्यंतचा रस्ता गोंडीत आखूड आणि मराठीत लांब असण्याचा पुरेपूर संभव आहे. हा कोश हाती आल्यावरच पडदा उभारावा, आणि अप्रत्यक्ष जोड्या त्यातूनच निवडाव्यात.