पंधरा दिवस आधीची शाळा

महाराष्ट्रातून बेंगळुरूला आलेल्या कुटुंबांना कर्नाटकातलं शालेय वर्ष लवकर गाठतं. दप्तर-गणवेशाच्या पलीकडची तयारी कोणती आणि ती कधी सुरू करावी?

२०२५ साली कर्नाटकातल्या शाळा २९ मे रोजी उघडल्या. महाराष्ट्रात पहिली घंटा १६ जूनला वाजली, विदर्भात तर २३ जूनला. अडीच ते साडेतीन आठवड्यांचा हा फरक कॅलेंडरवर किरकोळ दिसतो, पण बेंगळुरूत बिऱ्हाड केलेल्या मराठी घरात वर्षाची घडी त्यावरच बसते किंवा विसकटते. गावाकडची भावंडं अजून सुट्टीत असतात. जवळच्या नात्यातलं लग्न नेमकं जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतं. परतीचं रिझर्व्हेशन मिळत नाही. ‘पहिल्या आठवड्यात कुठे काय शिकवतात?’ असं म्हणून मुक्काम वाढतो आणि मूल शाळेत पोहोचतं तेव्हा वर्ग रुळलेला असतो.

पहिल्या आठवड्यात बरंच काही शिकवतात. कर्नाटकातल्या सरकारी शाळांमध्ये वर्षाची सुरुवात ‘सेतुबंध’ने होते. मागच्या इयत्तेतलं मुलाला काय येतं हे तपासून राहिलेलं पुन्हा शिकवायचं आणि मगच नवं पुस्तक उघडायचं, अशी ही पद्धत आहे. दुसऱ्या राज्यातून, दुसऱ्या भाषेतून आलेल्या मुलाला सर्वांत जास्त गरज असते ती याच दिवसांची. मैत्री जुळते तीही याच दिवसांत. म्हणून परतीचं तिकीट काढताना गावाकडच्या शाळेची तारीख विसरावी आणि शाळा उघडण्याच्या किमान आठ दिवस आधी बेंगळुरूत यावं. सगळ्या तयारीचा पाया हा एक निर्णय आहे.

चार भाषांचा शेजार

मूल परततं तो शेजार कसा असतो, हे शिवाजीनगरात दिसतं. हा बेंगळुरूच्या जुन्या कॅन्टोन्मेंटचा भाग, पूर्वीची ब्लॅकपल्ली. रसेल मार्केट, सेंट मेरीज बॅसिलिका, बाउरिंग रुग्णालय, गजबजलेला बसस्टँड आणि हाकेच्या अंतरावर कमर्शिअल स्ट्रीट. या गल्ल्यांत दख्खनी उर्दू, तमिळ आणि कन्नड एकाच दुकानात ऐकू येतात. मराठी माणसाचं या शहराशी नातंही जुनं आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि ही जहागीर शहाजीराजांकडे आली. आज इथे येणारी मराठी माणसं निराळ्या कामांसाठी येतात. कुणी संगणक क्षेत्रात असतं, कुणी बदलीच्या नोकरीत. विटा, आटपाडी, खानापूर भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभरच्या सराफी पेठांत गेले, तसे ते बेंगळुरूतही आले.

या सगळ्यांच्या मुलांपुढे एक प्रश्न सारखाच असतो: घरी मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानावर कन्नड, गल्लीत उर्दू किंवा तमिळ. मोठ्यांना याची धास्ती वाटते. मुलाला त्याचं ओझं होईल की आनंद, हे बऱ्याच अंशी घराच्या तयारीवर ठरतं.

एप्रिल कागदांचा

कागदपत्रांचं काम सुट्टी लागण्यापूर्वी संपवावं, कारण सुट्टीत जुन्या शाळेचं कार्यालय गाठणं अवघड जातं. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जन्मदाखला, आधार आणि यू-डायसवरचा मुलाचा कायम क्रमांक, म्हणजे पेन, एका फाइलमध्ये ठेवावेत. आधारवर मुलाचे बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंद पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावी लागते. पहिलीच्या आणि दहावीच्या सुमारास ते राहून गेलेलं असेल, तर पुढच्या प्रत्येक अर्जात अडथळा येतो.

दाखला मिळायला उशीर झाला म्हणून घाबरू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत बदलून जाण्याचा हक्क आहे. दाखला आला नाही या कारणाने तिथे प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही मुलाला परत पाठवता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास आणि देणगी मागण्यास याच कायद्याने बंदी आहे. हे नियम माहीत असलेला पालक आवाज न चढवताही ठामपणे बोलू शकतो.

वयाचा पेच

पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांची सर्वांत मोठी फसगत वयाच्या तारखेवर होते. महाराष्ट्रात त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीला पात्र ठरतं. कर्नाटकाचा मूळ नियम १ जून रोजी सहा वर्षं पूर्ण असावीत असा आहे. त्यामुळे सप्टेंबरमध्ये जन्मलेलं मूल साताऱ्यात पहिलीत बसू शकतं, पण बेंगळुरूत तेच मूल पावणेसहा वर्षांचं म्हणून पूर्वप्राथमिकमध्ये थांबतं. २०२५-२६ साठी कर्नाटक सरकारने राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांत ही अट पाच वर्षं पाच महिन्यांपर्यंत सैल केली होती. तेव्हा ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीचा आदेश शाळेत विचारूनच पुढचं पाऊल टाकावं.

आणि मूल एक वर्ष थांबलं, तर घरात त्याचं सुतक पाळू नये. ‘तुझं वर्ष गेलं’ हे वाक्य मुलाच्या कानावर पडता कामा नये. नव्या शहरात, नव्या भाषेत जास्तीचं एक वर्ष खेळायला मिळणं ही त्या वयात कमाई असते.

कन्नड: विषयाआधी सोबत

कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानुसार २०१७-१८ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सर्व शाळांत, केंद्रीय मंडळांच्या शाळांतही, कन्नड शिकवणं बंधनकारक झालं. महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी असाच कायदा केला. आपल्या राज्यात परप्रांतीय मुलांनी मराठी शिकावी असं आपल्याला मनापासून वाटतं, तर इथे आपल्या मुलांनी कन्नड शिकणं हा त्याच न्यायाचा भाग आहे. बेळगाव भागात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत आणि कर्नाटकाच्या दहावीला मराठी प्रथम भाषा म्हणून घेता येते. बेंगळुरूच्या बहुतेक शाळांत ती सोय नसते. म्हणजे कन्नड टाळण्यात अर्थ नाही. प्रश्न उरतो तो ती मुलाला भीती म्हणून भेटेल की सोबतीण म्हणून, एवढाच.

मे महिन्यात यासाठी शिकवणी लावण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी लागणारी पाच-सहा वाक्यं आधी तोंडात बसवावीत. ‘नन्न हेसरु...’ म्हणजे माझं नाव अमुक. ‘नीरु बेकु’, पाणी हवंय. ‘टॉयलेटिगे होगबेकु’, बाथरूमला जायचंय. ‘होट्टे नोवु’, पोट दुखतंय. ‘अर्थ आगलिल्ला’, समजलं नाही. शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. ‘समजलं नाही’ हे ज्या मुलाला त्या भाषेत सांगता येतं, त्याचं शिकणं सुरू झालेलं असतं.

आकडे शिकवायला रसेल मार्केट आहे. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु म्हणत लिंबं मोजून घ्यावीत आणि ‘किलो एष्टु?’ हा प्रश्न मुलालाच विचारू द्यावा. लिपीचा बाऊ करू नये. कन्नड वर्णमालेचा क्रम मराठीसारखाच आहे, क, ख, ग, घ त्याच ओळीने येतात आणि ळदेखील आहे. ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन-दोन ए आणि ओ तेवढ्या नव्या. मराठी वाचता येणाऱ्या मुलाला फक्त अक्षरांचे आकार शिकायचे असतात.

आई-वडिलांनीही मुलाबरोबर रोज दहा मिनिटं कन्नड गिरवावी. घरातली मोठी माणसं चुकत-माकत शिकताना दिसली की मुलाची चुकण्याची लाज जाते. वडील दहा वर्षं शहरात राहून ‘मला कन्नड येत नाही’ असं सहज म्हणत असतील, तर मुलाने ती भाषा आवडीने शिकावी अशी अपेक्षा कशी करायची?

याच्या जोडीला मराठीचा वेळ राखून ठेवावा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोफत उतरवून घेता येतात. रात्री पंधरा मिनिटं मराठी वाचन आणि आजी-आजोबांना आठवड्याला एक हाताने लिहिलेलं पत्र, एवढ्यानेही वाचन-लेखन टिकतं. ज्या भाषेत मूल विचार करतं ती पक्की असली, की दुसरी भाषा तिच्या आधाराने उभी राहते. इथली कन्नड आणि घरची मराठी या एकमेकींच्या जागा घेणाऱ्या नाहीत.

महाराष्ट्राने शिकवलेली एक गोष्ट

शाळेची तयारी मुलाने एकट्याने करायची नसते, हे महाराष्ट्राने चांगलं ओळखलं आहे. २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळेतच मेळावा भरवायचा, तिथे वेगवेगळ्या टेबलांवर मुलाची शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक तयारी, भाषा आणि गणनपूर्व कौशल्यं खेळांतून पाहायची, ती विकासपत्रावर नोंदवायची. त्यानंतर गावातल्या, वस्तीतल्या आयांचे माता गट करून सुट्टीत घरच्या घरी मुलांशी खेळत शिकवायचं आणि शाळा उघडताना पुन्हा मेळावा घेऊन मूल कुठवर आलं ते पाहायचं. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, तोच विचार इथे पुढे गेलेला दिसतो.

या पद्धतीला सरकारी आदेशाची गरज नाही. शिवाजीनगर आणि आसपासच्या तीन-चार मराठी घरांनी मे महिन्यात आठवड्यातून दोनदा मुलांना एकत्र बसवलं, तरी माता गट तयार होतो. डाळी-कडधान्यांचं वर्गीकरण, भांडी लहान-मोठी लावणं, गोष्ट ऐकून पुढे काय झालं ते सांगणं, उड्या मारत मोजणं, एवढं साहित्य प्रत्येक घरात असतं. त्या गटात एखादी कन्नड किंवा तमिळ शेजारीण आली तर फारच उत्तम. वडिलांनाही मोकळीक देऊ नये, नावात माता असलं तरी जबाबदारी दोघांची आहे.

खरेदी सर्वांत शेवटी

गणवेश, बूट, दप्तर यांची खरेदी शिवाजीनगरकरांना सोपी, कमर्शिअल स्ट्रीट दाराशी आहे. पुस्तकांसाठी, विशेषतः जुन्या पुस्तकांसाठी, शहरातला जुना पत्ता अॅव्हेन्यू रोड. पण शाळेची यादी हातात आल्याशिवाय काहीच घेऊ नये. सरकारी शाळेत मूल जाणार असेल तर पाठ्यपुस्तकं आणि गणवेश मोफत मिळतात, दुपारचं जेवण आणि दूधही मिळतं. ते आधी विचारून घ्यावं.

दप्तर घेताना वजनाचा नियम लक्षात ठेवावा. कर्नाटकाने २०१९ मध्ये मर्यादा ठरवून दिली आहे: पहिली-दुसरीला दीड ते दोन किलो, तिसरी ते पाचवीला दोन ते तीन, सहावी ते आठवीला तीन ते चार आणि नववी-दहावीला चार ते पाच किलो. घरच्या काट्यावर भरलेलं दप्तर एकदा ठेवून पाहावं. जास्त भरलं तर वर्गशिक्षकांशी बोलावं.

प्रवासाचाही विचार आधीच करावा. बीएमटीसीच्या विद्यार्थी पाससाठी सेवासिंधू पोर्टलवर अर्ज करता येतो. ११ जून २०२३ पासून लागू झालेल्या शक्ती योजनेत मुलींना आणि महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास करता येतो, मात्र त्यासाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. आधारवरचा पत्ता बदलायचा राहिला असेल तर त्याची आठवण इथे होते. स्कूटरवरून सोडणाऱ्यांनी मुलालाही हेल्मेट घालावं, चार वर्षांवरील प्रत्येकाला ते कायद्याने सक्तीचं आहे.

शेवटचे पंधरा दिवस

सुट्टीत झोपेचं गणित बिघडलेलं असतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास, तर तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दहा ते तेरा तास झोप लागते. शाळा उघडण्याच्या दोन आठवडे आधीपासून झोपण्याची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. पाच-सहा वर्षांच्या वयातला डीपीटीचा बूस्टर आणि दहाव्या वर्षीची टीडी लस झाली आहे का, ते पाहावं. सरकारी लसीकरणात दोन्ही मोफत आहेत. फळा नीट दिसत नसल्याने मागे पडणारी मुलं आळशी ठरवली जातात, म्हणून डोळे एकदा तपासून घ्यावेत.

लहानग्यांना डबा स्वतः उघडायला, वीस मिनिटांत खायला, बूट घालायला, शौचाला जाऊन स्वच्छ होऊन यायला शिकवावं. शाळेचा रस्ता दोन-तीनदा पायी चालून दाखवावा. पहिल्या दिवशी मूल रडलं तर निरोप छोटा ठेवावा, पण न सांगता पळून येऊ नये. ‘डबा खाल्ल्यावर गोष्ट होईल, मग घंटा वाजली की मी दारात असेन’ असं मुलाला कळेल अशा भाषेत सांगावं आणि त्या वेळी दारात असावं. बालमनाचा विश्वास अशा पाळलेल्या शब्दांवर बसतो.

शहरात आधीपासून स्थिरावलेल्या मराठी घरांवर एक जबाबदारी येते. गणेशोत्सव आणि दिवाळी पहाट आपण हौसेने साजरी करतो. तेवढ्याच हौसेने दर मे महिन्यात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी एक शाळापूर्व मेळावा भरवता येईल. कागदपत्रं समजावणारं कुणी, कन्नड वाक्यं शिकवणारा एखादा नववीतला मुलगा, मोठ्या झालेल्या मुलांची पुस्तकं आणि गणवेश पुढे देणारं कुणी, आणि आपल्या शेजारचे कन्नड शिक्षक पाहुणे म्हणून. एका रविवारच्या सकाळचं हे काम आहे. ते झालं, तर नव्या मुलाला वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच या शहरात ओळखीचे चेहरे मिळालेले असतील. येत्या मे महिन्यापासून ते सुरू करू या.