ध्रुवसमुद्रांतील हिरवे पीक

शेतीस नुसता पाऊस पुरत नाही. जमिनीत कसही लागतो, हे आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. समुद्रातही पीक येते व त्यासही असाच नियम लागू पडतो, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. या विषयाचा थोडक्यात परिचय वाचकांस करून द्यावा, असे आम्ही योजिले आहे.

हे पीक म्हणजे वनस्पतिप्लवक, अर्थात पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या, नुसत्या डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रात कोलंबीसारखा दिसणारा क्रिल त्यांवर जगतो, आणि क्रिलवर पेंग्विन, सील व अजस्र देवमासे यांचा निर्वाह चालतो. शिवाय हवेतील कार्बन डायऑक्साइडचा काही भाग याच वनस्पतींमुळे समुद्रात ओढला जातो. तेव्हा त्यांचे बरेवाईट हा केवळ शास्त्रज्ञांच्या जिज्ञासेचा विषय नव्हे.

या वनस्पतींस सूर्यप्रकाश वरून मिळतो; पण नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका आणि लोह ही त्यांची खते बहुतांशी खालच्या पाण्यातून वर यावी लागतात. बर्फ वितळून झालेले गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने ते वर थर करून राहते. त्या थरातील वनस्पती खोल न जाता उजेडात राहतात, आणि वसंतात बर्फाच्या कडेने समुद्र हिरवा होतो. परंतु तोच थर झाकणासारखाही ठरतो. वाऱ्याने खालचे सकस पाणी सहजी वर येत नाही, आणि वरचे खत संपले की वाढ खुंटते.

आर्क्टिक महासागरात जगातील समुद्रजलाचा सुमारे १ टक्काच भाग आहे. पण ओब, येनिसे, लेना, मॅकेंझी आदी नद्या जगातील एकूण नदीजलाच्या सुमारे १० टक्के पाणी त्यात आणून सोडतात. तेथे प्रामुख्याने नायट्रेट अपुरे पडते. कॅनडाच्या उत्तरेस २००४ ते २००८ या वर्षांत झालेल्या पाहणीत, वरचे पाणी अधिक गोडे होत असता अतिसूक्ष्म जाती वाढल्या व त्यांहून मोठ्या जाती घटल्या, असे आढळले.

दक्षिणेकडे स्थिती निराळी. तेथे नायट्रेट व फॉस्फेट मुबलक, पण लोह अत्यल्प. लोहाच्या या उणिवेचे महत्त्व अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९९० साली आग्रहाने मांडले. १९९९ साली ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस समुद्रात लोह मिसळून पाहता वनस्पती खरोखरच वाढल्या. म्हणूनच खडकाची भुकटी घेऊन येणारे हिमनगांचे पाणी तेथे खताचेही काम करते.

या संशोधनात गोव्याचाही वाटा आहे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसह २००९ साली ‘लोहाफेक्स’ हा प्रयोग केला. दक्षिण महासागराच्या अटलांटिककडील भागात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळले. वाढ झाली, परंतु त्या पाण्यात सिलिका फार कमी असल्याने काचेसारखे कवच करणाऱ्या डायटम वनस्पती फोफावल्या नाहीत. उरलेल्या पिकाचा बराच भाग लहान प्राण्यांनी फस्त केला, आणि खोल समुद्रात कार्बन फारसा गेला नाही.

बर्फ वितळले की समुद्रातील पीक वाढेलच किंवा बुडेलच, असे सरसकट म्हणता येत नाही, ते यामुळेच. कोणत्या समुद्रात कोणते खत उणे आहे, आणि येणारे गोडे पाणी ते आणते की अडविते, हे आधी पाहावे लागते.