महिन्यातले सहा दिवस

गर्भधारणेला अनुकूल असे दिवस प्रत्येक मासिक चक्रात साधारणपणे सहाच असतात; ते पुढच्या पाळीपासून मागे मोजले तर अधिक नेमके सापडतात, हे वैद्यकशास्त्राला उमगून जेमतेम शतक लोटले आहे. जपानमधील स्त्रीरोगतज्ज्ञ क्युसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये दाखवून दिले, की अंडाशयातून परिपक्व बीज बाहेर पडण्याची क्रिया, म्हणजे बीजविमोचन, पुढची पाळी येण्याच्या साधारण १२ ते १६ दिवस आधी घडते. या हिशेबाचा उपयोग जगभर मूल टाळण्यासाठीच अधिक झाला, खुद्द ओगिनो यांना मात्र तो मूल हवे असणाऱ्यांच्या कामी यावा असे वाटत होते. बाहेर पडलेले बीज जेमतेम एक दिवस टिकते, तर शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे बीजविमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस एवढाच काळ फलदायी ठरतो, हे अमेरिकेतील ॲलन विल्कॉक्स व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने पक्के केले.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील कर्जत तालुक्यात, आणि खरे तर महाराष्ट्राच्या बहुतेक ग्रामीण भागांत, घरातल्या वडीलधाऱ्यांचा हिशेब पाचव्या दिवशीच्या न्हाण्यापासून सुरू होतो आणि त्यावर धर्मशास्त्रातील सोळा रात्रींच्या ऋतुकालाची, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून गर्भधारणेला योग्य मानलेल्या काळाची, छाया असते. २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीला तो बऱ्यापैकी लागू पडतो, कारण तिचे बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटते. परंतु ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या स्त्रीचे बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटत असल्याने, न्हाण्यानंतरच्या आठवड्यावर भिस्त ठेवणारे जोडपे महिनोन्‌महिने चुकीच्या काळात प्रयत्न करत राहते आणि बोल मात्र तिला लागतो. याच जुन्या गणितातून सम दिवशी मुलगा आणि विषम दिवशी मुलगी ही समजूतही आली आहे. २०२० मध्ये याच जिल्ह्यातील एका लोकप्रिय कीर्तनकारांच्या तशा विधानावरून संगमनेरच्या न्यायालयात गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली खटला दाखल झाला होता. मुलाचे लिंग शुक्रजंतूतील एक्स किंवा वाय गुणसूत्रावरून ठरते, आणि संबंधाच्या दिवसाशी त्याचा काही मेळ विल्कॉक्स यांच्या अभ्यासातही आढळला नव्हता.

बीजविमोचन ओळखण्याचे मार्ग अनेक असले, तरी प्रत्येकाचे सांगणे वेगळे असते. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेले शरीराचे तापमान बीज सुटल्यानंतर साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते. म्हणजे ही पद्धत घटना होऊन गेल्यावर साक्ष देते आणि त्या महिन्याच्या प्रयत्नांना तिचा फारसा उपयोग होत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी बीजविमोचनाची पट्टी लघवीतील एलएच या संप्रेरकाची, म्हणजे बीज सुटण्याचा इशारा देणाऱ्या शरीरातील रसायनाची, वाढ दाखवते आणि ही वाढ साधारण २४ ते ३६ तास आधी होते. आशा कार्यकर्तीकडून मिळणाऱ्या गरोदरपणाच्या तपासणीत पुसट दुसरी रेघही महत्त्वाची असते, या पट्टीत मात्र दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच ती होकारार्थी समजायची असते, आणि हा फरक समजावून न सांगितल्याने अनेकींचे पैसे व महिने दोन्ही वाया जातात. अंडाशयात अनेक अर्धवट वाढलेल्या बीजकोशांची गर्दी होऊन पाळी लांबणारा पीसीओएस हा विकार असेल, तर ही पट्टी बीज न सुटताही होकार देऊ शकते.

सर्वांत स्वस्त खूण शरीर स्वतःच देते. बीज सुटण्याच्या आधीचे काही दिवस योनीतील स्राव पारदर्शक, निसरडा आणि ताणला जाणारा होतो. तो निरोगीपणाचे लक्षण असतो. परंतु अंगावरून जाणे म्हणजे आजारच, आणि तोही सांगायचा नाही असा आजार, ही धारणा इतकी खोल आहे की स्वाभाविक स्राव आणि जंतुसंसर्गाचा दुर्गंधीयुक्त किंवा खाज आणणारा स्राव यांतला भेद कोणी शिकवतच नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या आणि १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला होता, आणि त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. असे ज्ञान देण्यासाठी पदवीची गरज नसते, हे कर्जतच्या शेजारच्या जामखेडने सिद्ध केले आहे: डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांनी आरोग्यसेविका म्हणून गावोगाव काम केले.

दिवस मोजण्याची गरज प्रत्येकाला असतेच असे नाही. दर दोन-तीन दिवसांनी संबंध असणाऱ्या जोडप्याकडून ते सहा दिवस आपोआप साधले जातात आणि डॉक्टरही प्रथम हेच सुचवतात. हिशेबाचा खरा उपयोग नवरा पुण्याला किंवा चाकणला कामाला आणि शनिवार-रविवारीच गावी, अशा घरांना होतो. मात्र तारखेनुसार संबंध ठेवण्याचा ताण पती-पत्नी दोघांवर येतो, आणि सासूने दिनदर्शिकेवर लक्ष ठेवायला सुरुवात केली की तो असह्य होतो. सर्व काही सुरळीत असतानाही एका चक्रात गर्भ राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते, हे घरातल्या थोरांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

तारखा कधी प्रयत्न करायचा ते सांगतात. गर्भ का राहत नाही, याविषयी त्या जवळपास मुक्या असतात. बंद झालेल्या गर्भनलिका त्यांतून दिसत नाहीत. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण असते आणि त्यावरील औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. शुक्रजंतूंची कमतरताही त्यांतून दिसत नाही. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोषाचा वाटा असतो, तरीही स्त्रीच्या वारंवार सोनोग्राफी होऊन गेल्यावर शेवटी नवऱ्याची तपासणी होते, हा क्रम अन्यायाचा तर आहेच, पण वैद्यकीय दृष्ट्याही उलटा आहे. वीर्यतपासणी स्वस्त आणि वेदनारहित असते; तिच्यापूर्वी २ ते ७ दिवस संबंध टाळायचे असतात, आणि शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागत असल्याने दोष आढळल्यास ती तेवढ्या अंतराने पुन्हा करतात. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असून सहा महिने उलटले, तर दोघांनी एकत्रच तपासणीला जावे, असा सर्वमान्य संकेत आहे.

कर्जत, जामखेड, पाथर्डी या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना हा संकेत पाळणे अवघड जाते, कारण दिवाळीच्या सुमारास गाव सोडल्यावर उन्हाळा लागेपर्यंत बीज कधी सुटते हे पाहणाऱ्या दिवसाआडच्या सोनोग्राफीसाठी खाडा करणे त्यांना परवडत नाही. मात्र वीर्याच्या दोन तपासण्या, थायरॉईडसाठी रक्ततपासणी आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे एवढे सगळे ते गावी असतात त्या काळात बसू शकते, आणि टोळी पुन्हा निघण्याआधी निदान हाती येऊ शकते. गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहिलेला कागद सोबत नेल्यास बीज नियमित सुटते का याचा पहिला अंदाज डॉक्टरांना त्याच भेटीत करता येतो.